भुतांचा खाऊ आणि साखरेचा हिशेब

ऑक्टोबरच्या अखेरीस न्यू जर्सी, शिकागो किंवा लंडन येथे स्थायिक झालेल्या समाजातील अनेक घरांपुढे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो. 31 तारखेला हॅलोविन असतो. वर्गातील सारी मुले भुताखेतांचे वेष करतात, एकमेकांच्या घरी जमतात आणि पिशव्या भरभरून गोड खाऊ गोळा करतात. आता हे लोण पुण्या-मुंबईच्या शाळांत आणि गृहसंकुलांतही पोहोचले आहे. घरातील वडीलधाऱ्यांना भुतांचा सण रुचत नाही, आणि नातवंडांना मात्र त्या दिवशी घरी बसणे शिक्षेसारखे वाटते.

सणाचे मूळ पाहिले तर आक्षेपाची धार काहीशी बोथट होते. नोव्हेंबरची पहिली तारीख हा ख्रिस्ती संतांच्या स्मरणाचा दिवस, आणि हॅलोविन ही त्याची पूर्वसंध्या. आयर्लंड-स्कॉटलंडमधील सुगी संपून हिवाळा लागण्याच्या वेळचा ‘सॅविन’ हा प्राचीन उत्सव तिच्याशी जोडला गेला. तेथे सलगम कोरून त्यात दिवा ठेवीत. स्थलांतरित आयरिश लोकांना अमेरिकेत भोपळा मिळाला, तो मोठा आणि कोरायला सोपा, म्हणून भोपळ्याचा दिवा रूढ झाला. म्हातारीला पोटात घेऊन वाघापासून वाचवणाऱ्या भोपळ्याची गोष्ट ऐकत वाढलेल्या मराठी घराला हे फळ परके वाटण्याचे कारण नाही.

खरी अडचण खाऊची आहे. मार्शमेलो आणि बहुतेक चघळण्याच्या गोळ्यांत जिलेटिन असते, आणि ते प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून बनते. पांढऱ्या मेरिंगची भुते अंड्याच्या पांढऱ्या बलकाची असतात. लाल रंगासाठी वापरले जाणारे कार्माइन कोचिनील नावाच्या किड्यांपासून मिळते, तर गोळ्यांवरची चकाकी अनेकदा शेलॅकची, म्हणजे लाखेच्या किड्याच्या स्रावाची असते. भारतात वेष्टनावर हिरवी खूण पाहून निर्णय घेता येतो. अमेरिकेत अशी खूण सक्तीची नसल्याने घटकांची यादी वाचावीच लागते. तेथे कार्माइनचे नाव स्पष्ट लिहिणे 2011 पासून बंधनकारक आहे. युरोपात ते ई 120 आणि शेलॅक ई 904 या क्रमांकांनी ओळखू येते. पेक्टिनच्या गोळ्या फळांपासूनच्या असतात, त्या चालू शकतात. ‘नैसर्गिक रंग’ असे लिहिले असले तरी तो बिटाचा, म्हणजे कंदमुळाचा असू शकतो, हेही ध्यानात ठेवावे.

दुसरी अडचण साखरेची. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2016 साली दोन ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला 25 ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे साधारण सहा चमच्यांच्या आत, वरून घातलेली साखर ही मर्यादा सुचवली. कोलाच्या 330 मिलिलिटरच्या एका डब्यात सुमारे 35 ग्रॅम साखर असते. एका डब्यातच दिवसाची पुंजी संपून खाते उलटे होते. गुळाला या हिशेबात सूट नाही. तोही साखरेच्या बाजूलाच मांडावयाचा.

दोन्ही अडचणींवर उत्तर घरच्या स्वयंपाकघरातच आहे. पुढील पदार्थ आठ मुलांच्या मेजवानीसाठी पुरतात.

केळ्यांची भुते. अर्धा किलो ताजे दही मलमलच्या फडक्यात चार-पाच तास टांगून चक्का करावा. त्यात 16 ग्रॅम पिठीसाखर आणि चिमूटभर वेलची फेटावी. चार केळी आडवी अर्धी करून प्रत्येकात काडी खोचावी आणि तासभर फ्रीझरमध्ये ठेवावी. केळे आधी गार केले नाही तर चक्का घसरून खाली येतो. मग ते चक्क्यात बुडवून, गडद चॉकलेटच्या कणांचे दोन डोळे लावून, पुन्हा दोन तास गोठवावे. एका भुतात वरची साखर सुमारे 2 ग्रॅम.

संत्र्याचे भोपळे. सोललेल्या अख्ख्या संत्र्याच्या मध्यभागी काकडीची सालासकट बारीक काडी देठासारखी खोचावी. साखर शून्य, आणि मेजावर सर्वांत आधी हेच संपतात.

खजुराचे कोळी. बिया काढलेला 200 ग्रॅम खजूर, 100 ग्रॅम बदामाची भरड आणि एक मोठा चमचा कोको एकत्र मळून वीस गोळ्या वळाव्यात. सुक्या खोबऱ्याच्या पातळ सळ्या दोन्ही बाजूंना चार-चार खोचाव्यात. पाय आठच हवेत. सहा लावले तर मुले कीटक म्हणून नापास करतात. वरून साखर नाही, तथापि खजुराच्या वजनात निम्म्याहून अधिक साखरच असते, म्हणून गोळी लहान ठेवावी आणि दोनांवर थांबावे.

सफरचंदाचे जबडे. हिरव्या सफरचंदाची चौथाई फोड घेऊन सालीच्या बाजूने पाचरीसारखा तुकडा काढावा, आत लिंबाचा रस लावावा म्हणजे फोड काळी पडत नाही. खाचेत बिनसाखरेचे शेंगदाण्याचे लोणी भरून बदामाच्या सळ्यांचे दात बसवावेत. रक्त हवेच असेल तर डाळिंबाचा रस आटवून दोन थेंब सोडावेत.

घारग्यांचे मुखवटे. लाल भोपळा हे फळ असल्याने कंदमुळाचा प्रश्न येत नाही. 250 ग्रॅम किसलेला भोपळा तुपावर वाफवून त्यात 60 ग्रॅम गूळ विरघळवावा. थंड झाल्यावर वेलची आणि मावेल तेवढी कणीक घालून, पाणी न घालता घट्ट मळावे. जाडसर लाटून वाटीने सोळा चकत्या पाडाव्यात, सुरीने डोळे-तोंड कोरावे आणि तळण्याऐवजी तव्यावर थोड्या तुपात मंद आचेवर भाजावे. एका घारग्यात गूळ पावणेचार ग्रॅमच्या आसपास.

आता ताळेबंद. एक भूत, दोन घारगे, एक संत्रे, एक जबडा आणि एक कोळी असे भरगच्च ताट मुलाने संपवले तरी वरून घातलेली साखर दहा ग्रॅमच्या आसपास राहते. सोबत पेय म्हणून ताक किंवा साधे पाणी ठेवले, तर दिवसाच्या मर्यादेतील निम्म्याहून अधिक शिल्लक उरते आणि घरी परतल्यावर आईला ‘आता पुरे’ म्हणावे लागत नाही.

वेळेचा हिशेबही तितकाच महत्त्वाचा. न्यू जर्सीत त्या दिवशी सूर्यास्त सहाच्या आत होतो. इंग्लंडमध्ये घड्याळे ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारीच मागे गेलेली असल्याने लंडनला तो साडेचारच्या सुमारास होतो. चौविहार पाळणाऱ्या कुटुंबाने मेजवानी दुपारी दोन-अडीचला ठेवली, तर खाणे उजेडी आटोपते आणि अंधार पडल्यावर मुले वेष करून फिरायला मोकळी होतात. दारोदारी मिळालेला खाऊ दुसऱ्या दिवशी यादी वाचून निवडावा आणि चालणार नाही तो बाजूला काढावा.

निमंत्रणातच शेंगदाणे किंवा बदाम कोणाला सोसत नाहीत का, हे विचारून घ्यावे. पाच वर्षांखालील मुलांना अख्खे बदाम किंवा अख्खी द्राक्षे देऊ नयेत. घशात अडकण्याचा धोका असतो. अमेरिकेत 2014 पासून काही घरे दारात निळसर-हिरवा भोपळा ठेवतात. या घरी खाऊखेरीज पेन्सिली, शिक्के अशा वस्तूही मिळतात, अशी ती खूण असते. ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी सुरू झालेली ही रीत आहाराचे नियम पाळणाऱ्या घरांनाही सोयीची आहे.

भरल्या मेजापुढे तीनदा ‘हे तुला चालत नाही’ असे ऐकलेल्या मुलाला नियमामागील करुणा आठवत नाही, आठवतो तो सर्वांदेखत झालेला नकार. त्याच मुलाने आदल्या दिवशी आजीबरोबर कोळ्याचे आठ पाय खोचले असतील आणि ते कोळी मित्रांनी मागून घेतले असतील, तर दुकानातील गोळीचे वेष्टन उलटून वाचायला तो स्वतःहून शिकतो. म्हणून मेजवानीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी स्वयंपाकघरात मुलांना आवर्जून बोलवावे; कोळ्यांचे एकशे साठ पाय कापण्याचे काम तसेही एकट्या माणसाचे नाही.