कोयत्याची गोष्ट बाहुल्यांनी सांगावी

दसरा सरला की बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाच्या परिसरातून ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ म्हणून मोजली जाणारी माणसे. कारण विचारले की आपण दुष्काळाकडे बोट दाखवून मोकळे होतो. पण ऊस जिथे उभा आहे त्या श्रीरामपूर-राहाता पट्ट्यात तरी पाऊस कुठे मोठा आहे? तिथे कालवा आहे. दुष्काळांनी हादरलेल्या इंग्रज सरकारने आपल्या मुंबई इलाख्यात नीरेचा डावा कालवा काढला, १९२६ मध्ये प्रवरेवर भंडारदरा धरण पूर्ण केले. त्या पाण्यावर ऊस आणि उसामागून कारखाने आले. बीड १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. नकाशावरची ती सरहद्द पुसली गेली, टोळ्या मात्र अजूनही तीच ओलांडून जातात.

ही गोष्ट पडद्यावर यावी, आणि ती स्टॉप-मोशनमध्ये यावी; म्हणजे बाहुली केसभर हलवायची, एक चित्र टिपायचे, पुन्हा हलवायची. कारण त्या काळची दृश्ये बहुतेक साहेबाच्या हातची आहेत. १८६८ ते १८७५ दरम्यान निघालेल्या ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या आठ खंडांत माणसे जातीजमातींचे नमुने म्हणून कॅमेऱ्यापुढे उभी केलेली दिसतात. तीच छायाचित्रे माहितीपटात घेतली की त्यांच्यासोबत ती नजरही येते. आता तर संगणकाला सांगून जुन्या दुष्काळाचे ‘अस्सल’ चित्रण घडीभरात बनवता येते. मातीची बाहुली असला आव आणत नाही. तिच्या अंगावर बोटांचे ठसे असतात. एम्मा द स्वाफ आणि मार्क जेम्स रोल्स यांनी २०१८ मध्ये ‘दिस मॅग्निफिसंट केक!’ हा ४४ मिनिटांचा चित्रपट लोकरीच्या बाहुल्यांनी केला. विषय बेल्जियमच्या राजाने गिळलेला काँगो. त्यात आलिशान हॉटेलात एका पिग्मी माणसाला राखदाणी म्हणून उभे केले आहे. खरा नट असता तर आपण त्याचा अभिनय जोखला असता, नाहीतर मान वळवली असती. त्या मऊ लोकरीकडे मात्र पाहत राहावे लागते. अर्थात, हा चित्रपट राज्य करणाऱ्यांच्या देशातून आला. ते सोसणाऱ्यांच्या नातवंडांनी केला तर तो वेगळाच होईल.

बीडवर इंग्रजांचे राज्यच नव्हते, असे कोणी म्हणेल. पण १८१८ मध्ये बीडमधले धर्माजी प्रतापरावांचे बंड मोडायला आलेल्या निजामाच्या फौजेतही इंग्रज अधिकारी होताच. जड आक्षेप दुसरा आहे. जायकवाडी-माजलगाव धरणांचे पाणी आले, बीडमध्येही ऊस पिकू लागला, कारखाने निघाले, तरी टोळ्या थांबल्या नाहीत. हे इंग्रजांच्या माथी कसे मारणार? मारू नयेच. चित्रपटात साहेबाइतकाच मुकादम हवा आणि कारखान्याचा चेअरमनही. ऊसतोड बाईच्या चिवटपणाचे गोडवे गाऊन हात झटकणेही तितकेच खोटे. डोक्यावर मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढणारी बाहुली एका सेकंदासाठी बारा वेळा हलवावी लागते, तेव्हा त्या एका पावलाची किंमत करणाऱ्याच्या बोटांनाच कळते.

बारा म्हणजे मिनिटाला ७२०. एवढा वेळ आणि पैसा कोणाकडे आहे? दादासाहेब फाळक्यांकडेही नव्हता. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, महिन्याहून अधिक काळ त्याची वाढ एकेक चित्राने टिपली आणि ती दाखवून ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभे केले. १९१५ मध्ये त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली, नुसत्या काड्या हलवून. त्या काळी आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या काड्या बहुतेक जपान-स्वीडनहून येत. आपल्याला तर घोंगडीची लोकर धनगरवाड्यात आहे, काळी माती बांधावर आहे आणि पाचट फडात फुकट पडलेले आहे.