वैमानिकाच्या गुरूचे गुणपत्रक

बारावीचा निकाल लागला, की अभियांत्रिकी आणि वैद्यकी या दोनच वाटांची चर्चा ज्या घरांत पूर्वी होत असे, अशा नाशिकमधील काही घरांत अलीकडे वैमानिकी ही तिसरी वाटही गांभीर्याने बोलली जाऊ लागली आहे. पदार्थविज्ञान आणि गणित घेऊन उत्तीर्ण झालेल्या मुलामुलींना ती खुली असते. परंतु व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यापर्यंत पोहोचण्याचा खर्च आज पन्नास लाखांच्या घरात जातो, आणि निफाड-दिंडोरीकडचा एखादा द्राक्षबागाईतदार जमिनीचा तुकडा गहाण टाकून, किंवा सातपूरच्या कारखान्यात उभी हयात घालवलेला एखादा पर्यवेक्षक भविष्यनिर्वाह निधीला हात घालून ही रक्कम उभी करीत असतो. एवढा मोठा व्यवहार ज्या संस्थेशी करावयाचा, तिची आणि तेथील शिक्षकांची पारख आपण कशाच्या आधारावर केली, असा प्रश्न मी अशा पालकांना विचारीत आलो आहे. आणि बहुतेक वेळा उत्तरादाखल माझ्यापुढे मोबाईल धरला जातो, ज्याच्या पडद्यावर संस्थेच्या नावाखाली पाचपैकी इतके तारे, अशी मोहोर उमटलेली असते.

हे तारे कोणी दिले, कधी दिले आणि कशाबद्दल दिले, हे मी चिकाटीने वाचत गेलो, तेव्हा असे दिसले की भरभरून स्तुती करणारा बहुधा नुकताच दाखल झालेला असतो, वसतिगृह, मेस आणि गणवेश यांवर तो प्रसन्न असतो, आणि प्रत्यक्ष विमानात तो अद्याप क्वचितच बसलेला असतो. उलट एकच तारा देऊन निघून जाणाऱ्याच्या मनात पैशांच्या परताव्यावरून झालेला तंटा ताजा असतो. दोघेही आपापल्या परीने खरे बोलत असतील. परंतु ज्या एका गोष्टीसाठी पालकाने जमीन गहाण टाकावयाची, त्या गोष्टीविषयी, म्हणजे तेथे उड्डाण कसे शिकवितात याविषयी, दोघांच्याही जबानीत फारसे काही नसते. विकत घेतलेल्या स्तुतीचा प्रश्न तर निराळाच आहे. भारतीय मानक ब्यूरोने २०२२ साली ग्राहकांच्या अशा अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक जाहीर केले. मात्र ते ऐच्छिक स्वरूपाचे आहे.

उड्डाणशिक्षकाची विद्या ही मुळातच अशी आहे, की ती ज्याच्यावर चालते त्याला ती त्या वेळी दिसत नाही. लहानशा सेस्ना विमानात शिक्षक आणि विद्यार्थी खांद्याला खांदा लावून बसलेले असतात, आणि दोघांपुढेही नियंत्रणांचा एकेक संच असतो. विमान धावपट्टीवर टेकण्याच्या बेतात असताना विद्यार्थ्याने नाक उचलण्यास उशीर केला, अथवा घाबरून ते फार लवकर उचलले, तर ती चूक विद्यार्थ्याला उमगण्याच्या आधी शिक्षकाला जाणवलेली असते. परंतु जाणवताक्षणीच त्याने नियंत्रण स्वतःकडे घेतले तर विद्यार्थी चूक सुधारण्यास कधीच शिकणार नाही, आणि एक क्षण अधिक थांबला तर चाके मोडतील, प्रसंगी माणसेही. ‘आय हॅव कंट्रोल’ हे शब्द केव्हा उच्चारावयाचे आणि केव्हा ओठांवर आलेले गिळावयाचे, याचा विवेक हीच त्याची खरी विद्वत्ता होय. जो शिक्षक प्रत्येक उतरणीला स्वतःच हात लावून विमान अलगद टेकवितो, तो विद्यार्थ्याला प्रेमळ वाटतो. जो गप्प बसून विमानाला दोनदा आपटू देतो आणि खाली उतरल्यावर अर्धा तास त्याच एका उतरणीची चिरफाड करतो, तो कठोर, प्रसंगी अपमान करणाराही वाटतो. पुढे तोच विद्यार्थी एखाद्या आडव्या वाऱ्यात शेकडो प्रवाशांसह विमान उतरवील, तेव्हा त्याला त्या कठोर माणसाची आठवण येईल. परंतु तोपर्यंत तारे देऊन कितीतरी वर्षे उलटलेली असतील.

आणि शिक्षक पणाला काय लावतो, हेही विसरता कामा नये. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या उड्डाण अकादमीचे एक प्रशिक्षण विमान जळगाव जिल्ह्यातील चोपडा तालुक्यात, वर्डी गावाजवळच्या सातपुड्याच्या डोंगराळ भागात कोसळले. शिक्षक मृत्युमुखी पडला, आणि गंभीर जखमी झालेल्या विद्यार्थिनीला तिथल्या आदिवासी ग्रामस्थांनी साडीची झोळी करून, जेथे वाहन पोहोचत नव्हते अशा वाटेने खाली आणले. ही वार्ता वाचल्यापासून कोणत्याही उड्डाणशिक्षकाविषयी एका ओळीत निकाल देणारे लिखाण मला सहजपणे वाचवत नाही.

याचा अर्थ गुरूची परीक्षा होऊच नये, असा मात्र नव्हे. आमच्या नाशिकरोडला, गांधीनगरच्या धावपट्टीवर, भूदलाच्या हवाई शाखेची ‘कॅट्स’ ही प्रशिक्षणसंस्था आहे; चेतक आणि चित्ता हेलिकॉप्टरांची घरघर ही त्या परिसरातील रहिवाशांच्या कानांना सवयीची झाली आहे. भूदलातील पहिली महिला लढाऊ वैमानिक, कॅप्टन अभिलाषा बराक, यांना मे २०२२ मध्ये याच संस्थेत ‘विंग्ज’ प्रदान करण्यात आले. तेथे वैमानिक घडतात, तसे वैमानिकांचे शिक्षकही घडविले जातात. भारतीय वायुदलाने तर शिक्षकांना शिकविण्यासाठी १९४८ सालीच स्वतंत्र शाळा काढली, जी पुढे तांबरम येथे गेली. आणि तेथून बाहेर पडणाऱ्या शिक्षकाला लागलीच उच्च श्रेणी मिळत नाही, तर अनुभव आणि पुनःपुन्हा होणाऱ्या परीक्षा यांच्या आधारे तो पायरीपायरीने वर चढतो. त्याची परीक्षा घेणारे स्वतः त्या विद्येत मुरलेले असतात, त्याच्या शेजारी बसून उड्डाण करतात, आणि आपल्या निर्णयाखाली स्वाक्षरी करतात. सैन्यातील ही वहिवाट खाजगी संस्थांना जशीच्या तशी लागू करता येणार नाही, हे मी जाणतो. तरीही निनावी ताऱ्यांपेक्षा तिचे मोल किती अधिक आहे, हे नाशिककरांना सांगावयास नको.

याच शहराच्या टाकळी भागात समर्थ रामदासांनी आपल्या साधनेची वर्षे काढली. त्यांच्या दासबोधाच्या पाचव्या दशकात गुरूची लक्षणे सांगणारा समास आहे, आणि त्याच्या लगेच पुढचा समास शिष्याची लक्षणे सांगणारा आहे. हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. गुरूला पारखून घेण्यास समर्थांचा विरोध तर नाहीच, उलट पारखून घ्यावे असाच त्यांचा आग्रह आहे. परंतु पारखणाऱ्यानेही स्वतःला त्याच कसोटीच्या दगडावर घासून पाहावे, अशी त्यांची अपेक्षा आहे. ‘सर शिकवीत नाहीत’ असे लिहिणाऱ्याने आदल्या रात्री पुढच्या दिवसाचा पाठ वाचला होता काय, हवामानाचा अहवाल स्वतः पाहिला होता काय, हे वाचणाऱ्याला कळण्याची सोय आजच्या व्यवस्थेत नाही.

मग विद्यार्थ्याच्या साक्षीला किंमत नाही काय? आहे, आणि फार मोठी आहे. मात्र त्याने जे स्वतः पाहिले आणि मोजले तेवढ्यापुरती. परवान्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते, त्यांपैकी १०० तास स्वतः कप्तान म्हणून. संस्था प्रवेशाच्या वेळी हे सारे वर्ष-दीड वर्षात पूर्ण होईल असे सांगते, आणि प्रत्यक्षात कित्येकांची अडीच-तीन वर्षे जातात. ती का जातात, हे विद्यार्थ्याइतके कोणालाच ठाऊक नसते: माहितीपत्रकातील विमानांपैकी किती खरोखर उडत होती, किती इंजिनाच्या सुट्या भागांची वाट पाहत हँगरमध्ये उभी होती, एव्हगॅस इंधन किती दिवस नव्हते, आणि विमान कंपनीत नोकरी लागताच किती शिक्षक अर्ध्यावर सोडून गेले. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण साहाय्यक शिक्षक पुष्कळदा स्वतःच नोकरीच्या प्रतीक्षेत असलेला तरुण वैमानिक असतो, आणि ज्याच्या नावावर तारे जमले आहेत तो ते वाचून विद्यार्थी दाखल होईपर्यंत निघूनही गेलेला असतो.

याहूनही गंभीर गोष्ट म्हणजे तासांचा खरेपणा. जे तास हवेत झाले नाहीत, केवळ लेखणीने वहीत उतरले, त्यांना वैमानिकांच्या बोलीत ‘पार्करचे तास’ म्हणतात. २०११ साली बनावट गुणपत्रिका आणि खोटे उड्डाणतास यांची प्रकरणे देशभर उघडकीस आली, वैमानिकांना अटक झाली, आणि परवान्यांची फेरतपासणी करावी लागली. अशा वहीचा साक्षीदार विद्यार्थीच असतो; आणि तोच सर्वांत अधिक गप्प असतो. शिकत असताना त्याच्या वहीवर ज्यांची स्वाक्षरी हवी, त्यांच्याविरुद्ध तो कसा लिहील? परवाना हाती आल्यावर शिफारशीची गरज असते, अब्रुनुकसानीच्या नोटिशीची धास्ती असते, आणि आपल्याच परवान्यावर संशय येईल ही भीती तर सर्वांत मोठी. मी या मौनाला भ्याडपणा म्हणणार नाही. परंतु या मौनाची किंमत मागाहून येणारी मुले मोजतात, हेही तितकेच खरे आहे.

सरकारने हे ओळखले, याचे मला समाधान आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ पासून वर्षातून दोनदा उड्डाण प्रशिक्षण संस्थांची श्रेणी जाहीर करण्यास आरंभ केला: कामगिरीला ४० टक्के, कार्यव्यवस्था आणि सुरक्षितता यांना प्रत्येकी २०, नियमपालन आणि विद्यार्थ्यांना साहाय्य यांना प्रत्येकी १० असे गुणांचे वाटप आहे. पहिल्याच यादीत ३५ संस्थांपैकी एकीलाही वरच्या दोन श्रेणी मिळाल्या नाहीत. १३ संस्था ‘ए’ श्रेणीत आल्या आणि २२ संस्था ‘बी’ श्रेणीत, म्हणजे पन्नास टक्क्यांच्या खाली. त्यापूर्वी दोन वर्षे, ऑक्टोबर २०२३ मध्ये, बारामती परिसरात एकाच संस्थेची दोन प्रशिक्षण विमाने एकाच आठवड्यात अपघातग्रस्त होऊन तिचे उड्डाणकार्य स्थगित करावे लागले होते, हे ज्यांना आठवते, त्यांना हे कठोर गुणदान अनाठायी वाटणार नाही. माझी मागणी एवढीच आहे, की या श्रेणीमागचे आकडे, विशेषतः प्रवेशापासून परवान्यापर्यंत लागलेले सरासरी महिने, प्रत्येक संस्थेच्या नावापुढे मराठी-हिंदीतून, कोणाही पालकाला वाचता येतील असे प्रसिद्ध व्हावेत. आणि परवाना देतेवेळी महासंचालनालयानेच विद्यार्थ्याकडून एक गोपनीय कैफियत घ्यावी, जी संस्थेच्या हाती कधीही पडणार नाही.

तोवर पालकांनी काय करावे? जे. आर. डी. टाटांनी ज्या बॉम्बे फ्लाईंग क्लबात शिकून १० फेब्रुवारी १९२९ रोजी या देशातील पहिल्या क्रमांकाचा परवाना मिळविला, त्याच क्लबाचे प्रशिक्षण आज धुळ्याला चालते. शिरपूरची अकादमी त्याच आग्रा रस्त्यावर थोडी पुढे आहे. नाशिकहून पहाटे निघाले तर दोन्ही ठिकाणे एका दिवसात पाहून होतात. कोणत्याही संस्थेत जावे तर आगाऊ न कळविता, एखाद्या साध्या मंगळवारी वा बुधवारी जावे. किती विमाने प्रत्यक्ष वर जातात ते मोजावे. विद्यार्थ्यांना कार्यालयात न गाठता बाहेरच्या चहाच्या टपरीवर गाठावे, आणि त्यांना ‘संस्था कशी आहे?’ असे न विचारता ‘गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले?’ असे विचारावे. मुख्य शिक्षकांची भेट मागावी आणि ते तेथे किती वर्षांपासून आहेत, याची चौकशी करावी. पैसे टप्प्याटप्प्याने, झालेल्या तासांच्या हिशेबाने भरण्याची अट लेखी करारात घालून घ्यावी. मात्र ही फेरी पावसाळ्यात करू नये. कारण जून ते सप्टेंबर या काळात खाली उतरलेल्या ढगांमुळे उत्तम संस्थेचीही विमाने पुष्कळ दिवस जमिनीवरच असतात, आणि तेवढ्यावरून तिला नाकारणे हा तेथील शिक्षकांवर अन्याय होईल.