सलाईन लावून देणारा एक दवाखाना हवा आहे

सातारा शहरातल्या आणि आसपासच्या डॉक्टरांना, परिचारिकांना, आणि ज्यांच्या ओळखीत असं कोणी आहे त्या सर्वांना ही कळकळीची विनंती.

माझी मुलगी २४ वर्षांची आहे. २०२१ मध्ये करोना झाला, आणि तेव्हापासून ती उभी राहिली की तिचं हृदय धावू लागतं. आडवी असताना नाडी ७८, उभं राहून पाच मिनिटं झाली की १३०. रक्तदाब फारसा उतरत नाही, म्हणून दोन वर्षं आम्ही सगळीकडे 'टेन्शन घेते' एवढंच ऐकलं. आजाराचं नाव पॉट्स. मोठ्या माणसाची नाडी उभं राहिल्यावर दहा मिनिटांच्या आत ३० ठोक्यांनी वाढून तशीच राहणं, ही त्याची खूण.

अशा अनेक रुग्णांच्या अंगात रक्तच कमी असतं. हिमोग्लोबिन नव्हे, एकूण रक्त. हे समजायला मला फार वेळ लागला, कारण तिचा सीबीसी नेहमी चांगलाच येतो. ती तपासणी रक्तात काय किती आहे ते सांगते, अंगात रक्त किती आहे ते सांगत नाही. उभं राहिलं की आहे ते रक्त पोटात नि पायांत उतरतं, मेंदूला पुरत नाही, आणि हृदय ती तूट भरून काढायला पळत सुटतं.

एरवी ती जास्तीचं मीठ, तीन लिटर पाणी, कमरेपर्यंतचे घट्ट मोजे आणि गोळ्या यांवर तग धरते. पण गेल्या आठवड्यात जुलाब झाले. ते थांबले, तरी ती अजून बसू शकत नाही. जेवण पडल्यापडल्या भरवते. शनिवारी रात्री एका रुग्णालयात नेलं. ईसीजी ठीक, रक्तदाब ठीक, झोपेची गोळी देऊन घरी पाठवलं.

तिच्या पुण्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय: एक लिटर नॉर्मल सलाईन, दोन-तीन तासांत, नाडी आणि रक्तदाब बघत. मागच्या वर्षी असंच लावलं होतं, तेव्हा त्याच संध्याकाळी तिने ओट्याशी उभं राहून आमटीला फोडणी दिली होती. पण पुणे शंभराहून जास्त किलोमीटर. तेवढा वेळ ती गाडीत बसू शकणार नाही.

अशक्तपणा आला की बाटली चढवायची, ही आपल्याकडची जुनी सवय. त्या सवयीमुळेच चांगले डॉक्टर हात आखडता घेतात, हे मी जाणते, आणि त्यांना दोष देत नाही. आमचं मागणं तसं नाही. २०१५ च्या अमेरिकी हृदयतज्ज्ञांच्या मार्गदर्शनात, आजार एकदम बळावला असता दोन लिटरपर्यंत सलाईन देता येतं असं म्हटलंय. दर आठवड्याला ते देण्यामागे मात्र पुरेसा पुरावा नाही, आणि त्यासाठी कायमची नळी बसवली तर जंतुसंसर्गाची, गुठळीची भीती. आम्हाला नळी नको. आत्ता एकदा हवं आहे, डॉक्टर समोर असताना.

तिच्या शिरा सापडत नाहीत, दोन-तीनदा टोचावं लागतं. लहान मुलांना सुई लावण्याचा हात असलेली परिचारिका मिळाली तर देवच पावला.

आणि ज्यांच्या घरी उभं राहिलं की चक्कर येणारी, आळशी म्हटली जाणारी मुलं आहेत, त्यांनी एवढं करा. दहा मिनिटं पडून राहायला सांगा, नाडी मोजा. मग उभं करा, शेजारी थांबा, दहा मिनिटं दर मिनिटाला नाडी लिहा. चक्कर वाढली तर लगेच झोपवा. तो कागद डॉक्टरांना दाखवा. सलाईन मात्र मनाने लावून घेऊ नका. हृदय किंवा किडनी दुबळी असेल तर तेच जिवावर बेतू शकतं.

तिचा किडनीचा रिपोर्ट, ईसीजी, पुण्याची चिठ्ठी, सगळं फाईलमध्ये तयार आहे. पैशांची मदत नको. आमचा फोन नंबर या अंकाच्या कार्यालयात ठेवला आहे. रात्री-अपरात्री कधीही करा, मी जागीच असते.