कुलूप नको, कसब हवे!

१ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीस आलेल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपैकी १४ जण मुरुडच्या समुद्रात बुडून मृत्युमुखी पडले. त्या दिवशी नेमके कोणाचे काय चुकले याचा निवाडा करण्यासाठी आम्ही ही दुःखद आठवण काढलेली नाही. आमच्यापुढे प्रश्न आहे तो अशा प्रसंगानंतर समाजाच्या मनात उठणाऱ्या पहिल्या विचाराचा. अपघात झाला की सहली बंद करा, परवानग्या वाढवा, हमीपत्रे घ्या, असा घोष सुरू होतो. शाळेच्या प्रयोगशाळेत एखाद्या मुलाचा हात भाजला तरी हेच घडते. दुसऱ्या दिवसापासून दाराला कुलूप लागते, आम्लाच्या बाटल्या कपाटात जातात आणि मुख्याध्यापक सुटकेचा निःश्वास टाकतात. मूल सुरक्षित झाले असे सर्वांना वाटते. आमच्या मते ते केवळ अडाणी राहिले. आणि अडाणीपणाइतकी धोकादायक वस्तू ना प्रयोगशाळेत आहे, ना समुद्रात.

भरती-ओहोटी चंद्राच्या आकर्षणाने होते, हे वाक्य आपल्याकडील शाळेतून बाहेर पडलेल्या बहुतेक प्रत्येकाने एकदा तरी उत्तरपत्रिकेत लिहिलेले असते. पण आज भरती किती वाजता, असे विचारले तर त्यांपैकी किती जणांना सांगता येईल? मुरुडचा कोळी ते सांगतो. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे पूर्ण भरतीची वेळ मिळते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब आहे. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. उधाण केव्हा आणि भांग केव्हा, हेही त्याला पाठ असते. हे ज्ञान पुस्तकातले नाही, पण ते विज्ञानाच्या उंबरठ्यावर येऊन उभे आहे. उंबरठा ओलांडून देण्याचे काम शाळेचे!

तो कसा ओलांडावा? मुलांच्या हाती खुणा केलेली एक काठी, एक घड्याळ आणि एक वही द्यावी. धक्क्यावर उभे राहून, शिक्षकांच्या देखरेखीखाली, त्यांनी पंधरा दिवस पाण्याची उंची टिपावी. मग तो जुना हिशेब ताडून पाहावा. पौर्णिमा ही पंधरावी तिथी; तिची पाऊणपट सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशीची प्रतिपदा मात्र पाऊण वाजताची भरती दाखवते. म्हणजे एका दिवसात दीड तासाची उडी! समुद्र अशी उडी मारीत नाही. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हिशेब मात्र तिथीमागे पंचेचाळीसच मिनिटे धरतो. रोजची तीनचार मिनिटांची ही तूट साचत जाते आणि पंधरवड्याच्या अखेरीस पाऊण तासाच्या घरात पोहोचते. हे ज्या मुलाने स्वतःच्या वहीतून शोधून काढले, त्याला मोजमाप म्हणजे काय, नियम म्हणजे काय आणि नियमाची मर्यादा म्हणजे काय, हे निराळे शिकवावे लागत नाही. वडिलांचा आदर राखूनही वडिलांचे गणित तपासता येते, हा धडा त्याला वर मिळतो. आणि पाण्यात पाय घालण्यापूर्वी वेळ पाहण्याची सवय लागते, ती वेगळीच. निरीक्षण आणि सुरक्षितता हे दोन विषय नसून एकच विषय आहे, असे आम्ही म्हणतो ते यासाठी.

प्रयोगशाळेतही हेच खरे आहे. ‘आम्लात पाणी ओतू नये, पाण्यात आम्ल ओतावे’ हे वाक्य भिंतीवर रंगवून भागत नाही. तीव्र गंधकाम्लात पाणी मिसळताना भयंकर उष्णता निर्माण होते. पाणी हलके असल्यामुळे ते वरच राहते, तेथल्या तेथे उकळते आणि आम्लाचे शिंतोडे तोंडावर उडवते. हे कारण कळले की नियम पाठ करावा लागत नाही. परीक्षानळीचे तोंड कोणाकडेही वळवू नये, कारण तापलेला द्रव अकस्मात उसळतो. वास घ्यायचा तर नाक नळीवर न नेता हाताने वारा घेऊन घ्यावा. चव कशाचीच घेऊ नये. ज्योतीने ज्योत लावावी असे आपली संस्कृती सांगते. स्पिरिटच्या दिव्याला मात्र ते लागू नाही. तो दुसऱ्या दिव्यावर वाकवून पेटवणे म्हणजे पेटते स्पिरिट टेबलावर सांडणे होय. तो फुंकून न विझवता त्यावर झाकण ठेवावे. डोळ्यांत काही उडालेच तर वाहत्या पाण्याखाली निदान पंधरा मिनिटे डोळा धुवावा आणि डॉक्टरांकडे धाव घ्यावी. भाजलेल्या जागी दंतमंजन फासू नये, थंड पाणी सोडावे. यातील एकही गोष्ट अशी नाही की जी मुलाला पुढे स्वयंपाकघरात, कारखान्यात वा शेतावर औषधे फवारताना उपयोगी पडणार नाही.

मग हे होत का नाही? पैसा नाही, असे उत्तर ठरलेले असते. ते अर्धेच खरे आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली सोळा ग्रामीण शाळांतून सुरू झालेल्या विज्ञान शिक्षणाच्या कार्यक्रमाने साध्या, स्वस्त साहित्यावर मुलांना हाताने प्रयोग करावयास लावले. तो तीस वर्षे चालला आणि २००२ साली शासनाने बंद केला. बंद झाला तो पैशाअभावी विज्ञान शिकवता येत नाही म्हणून खास नव्हे. आपल्या मुंबईत होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र १९७४ पासून याच कामात आहे. तेव्हा वाट कोणी दाखवली नाही, अशी तक्रार आपणांस करता येणार नाही.

खरे दुखणे गुणपत्रिकेत आहे. प्रयोगाला गुण असतात, पण प्रयोग करण्याला नसतात. जर्नल मागील वर्षीच्या वहीवरून उतरवले जाते, निरीक्षणे उत्तरावरून मागे मोजली जातात आणि परीक्षकही सौजन्याने पाहिले न पाहिलेसे करतात. ज्याचे उत्तर चुकले पण निरीक्षण खरे आहे, त्या मुलाला आपण कमी गुण देतो. ज्याने खोटे आकडे नेटके लिहिले त्याला पैकीच्या पैकी! विज्ञानाच्या नावाखाली दिलेला हा अप्रामाणिकपणाचा पहिला धडा नव्हे काय? आम्हां सुशिक्षित पालकांचाही यात वाटा आहे. शिकवणीच्या शुल्काबद्दल घासाघीस न करणारे आम्ही, आपल्या मुलाने वर्षात किती वेळा परीक्षानळी हाती धरली हे शाळेला कधी विचारत नाही.

याच रायगड जिल्ह्यात प्रामाणिक निरीक्षणाचे एक तीर्थस्थान आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा त्यांच्या प्रवाहाने कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय नोंदी बिघडतील हे ओळखून डॉ. नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली नवी वेधशाळा अलिबागेस उभारली गेली. १९०४ साली ती सुरू झाली. चुंबकीय पदार्थ कटाक्षाने टाळून तिची इमारत बांधली आहे. आकडा खरा यावा म्हणून माणसे समुद्र ओलांडून गेली, हे मुरुड-अलिबागच्या प्रत्येक मुलाला ठाऊक असावयास हवे.

आमच्या सूचना मोजक्या आहेत. विज्ञानाच्या वर्षाचा पहिला आठवडा पाठ्यपुस्तक बाजूस ठेवून निरीक्षण, मोजमाप आणि सुरक्षिततेसाठी द्यावा आणि त्यात कसाला न उतरलेल्या मुलास दिवा पेटवू देऊ नये. साठ मुलांचा वर्ग एकाच वेळी प्रयोगशाळेत कोंबू नये. डोळ्यांचे संरक्षक चष्मे, वाळूची बादली, वाहते पाणी आणि प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी, एवढे नसेल तर त्या खोलीस प्रयोगशाळा म्हणू नये. प्रशिक्षित सहायकाची जागा रिकामी ठेवून होणारी बचत ही बचत नव्हे. आणि गुण द्यावेत ते खऱ्या नोंदीला.

वैज्ञानिक दृष्टी बाणवणे हे १९७६ पासून आपल्या राज्यघटनेने नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरवले आहे. कर्तव्य घटनेत लिहावयाचे आणि प्रयोगशाळेची किल्ली कपाटात ठेवावयाची, ही विसंगती फार दिवस चालू देणे परवडणारे नाही. मुरुडच्या वाळूवर १४ घरांचे दिवे विझले. त्यांचे स्मरण ठेवावयाचे तर समुद्राकडे पाठ फिरवून ते ठेवले जाणार नाही. समुद्र वाचता येणारी मुले घडवूनच ते ठेवावे लागेल.