आम्हाला विचारल्याशिवाय हलवायचं नाही
(महाड-पोलादपूरच्या पथविक्रेत्यांचा जाहीरनामा)

आम्ही भाजीवाल्या, मासेवाल्या, वडापावच्या गाडीवाले, चपला शिवणारे. पावसाच्या तोंडावर शेवळं आणि मग टाकळा, कुर्डू, भारंगी घेऊन डोंगरातून उतरणाऱ्या कातकरी बायाही आमच्यातल्याच. आजपासून आम्ही एक आहोत.

रस्ता मोकळा हवा, हे आम्हालाही मान्य आहे. पण "पलीकडे जाऊन बसा" म्हणणाऱ्याने आधी धंदा कसा चालतो ते पाहावं. टाकळ्याची जुडी दुपारपर्यंत मान टाकते. सकाळच्या एसटीने आलेली बाई स्टँडजवळ बसते, कारण गिऱ्हाईक तिथेच उतरतं आणि परतीची गाडी तिथूनच सुटते. तिला गावाबाहेरच्या ओट्यावर बसवलं की रिक्षाचं भाडं अंगावर पडतं, माल उरतो, फेकावा लागतो. ओळखीचं गिऱ्हाईक तुटतं, त्याच्याकडची उधारी बुडते. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाही. एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराच्या घरची स्वस्त भाजीही त्याबरोबर जाते.

पोलादपूरकरांना हे सांगायला नको. महामार्ग चौपदरी होतोय, 2023च्या गणपतीत कशेडीचा बोगदा एका बाजूने खुला झाला. चाकरमानी लवकर घरी पोचतो, याचा आनंदच आहे. पण थांबणाऱ्या गाडीवर ज्यांचं पोट, त्यांचं काय?

पथविक्रेता कायदा 2014चा. सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणालाही उठवता येत नाही. हलवायचंच तर 30 दिवसांची नोटीस हवी. नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य आमच्यातून निवडून यायला हवेत, त्यांत एक तृतीयांश बाया.

चवदार तळं सर्वांना खुलं करण्याचा ठराव महाड नगरपालिकेने 1924 मध्येच केला होता. तरी पाण्याला हात लागायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला, बाबासाहेबांसोबत हजारोंना चालत जावं लागलं. त्या लढ्याशी आमची बरोबरी नाही. पण कागदावरचा हक्क आपण जाऊन घ्यावा लागतो, हे आम्ही त्याच तळ्याकाठी शिकलो.

म्हणून आधी मोजणी करा, हंगामापुरत्या येणाऱ्या बायांचीही. मग समितीची निवडणूक. त्यानंतरच जागेची बोलणी. ती जागा स्टँडपासून चालत जाण्याजोगी हवी, तिथे छप्पर, पाणी आणि बायांसाठी स्वच्छतागृह हवं. आणि ती पुराच्या पट्ट्यात नको. 22 जुलै 2021चं सावित्रीचं पाणी महाडची बाजारपेठ विसरलेली नाही.

भावांनो, बायांनो, बाजारवसुलीची पावती फेकू नका. जपून ठेवा आणि नाव नोंदवायला या.