वरून चकाचक, आतून वाकडी

आज आठवण थोडी, मत जास्त.

नागपूर-छिंदवाडा रस्त्यावर, आपल्या बोरगावजवळ, एका पिकअपनं आमच्या गाडीला मागून ठोकलं. आठ दिवसांत गाडी चकाचक होऊन आली. मी विम्याच्या कागदावर सही केली. पावसाळा लागला तसं डिक्कीत पाणी. मॅट उचललं तर खालचा पत्रा सुरकुतलेला, वरून नुसतं पुटिंग!

आजकालच्या बहुतेक कारला वेगळी चॅसी नसते; पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो. तो वाकला तर पुढच्या धडकेत माणसांना वाचवणार कोण? गाडी बेंचवर बांधून, मापं घेऊन सांगाडा ओढावा लागतो. फारच चुरगळला तर तो भाग कापून नवा वेल्ड करतात. नुसत्या हातोडीचं हे काम नव्हे.

पस्तीस वर्षं बँकेत व्हाउचर पाहिल्याशिवाय सही केली नाही, अन् इथं रंग पाहून केली. चूक माझीच. म्हणून सांगतो, बंपर खोलल्यावर सर्व्हेअरला पुन्हा बोलवा, मापांचा कागद मागा, मगच सही करा. गॅरेजवाला चिडला तरी चालेल. मागच्या सीटवर आपली नातवंडं बसतात.