अंगणवाडी सेविकांना मनःस्वास्थ्य सल्लागार हवेत



राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत स्तर म्हणून शिक्षणाच्या चौकटीत आणला आणि २०२३ मध्ये केंद्राचा ‘पोषण भी पढाई भी’ हा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हापासून अंगणवाडी सेविकांच्या प्रशिक्षणाची चर्चा वाढली आहे. परंतु इतरांना चावणारे किंवा महिनोन्‌महिने कोणाशीच न बोलणारे मूल समोर असताना सेविकेने कोणाशी विचारविनिमय करावा, या प्रश्नाला त्या चर्चेत स्थान दिसत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक मुलाची तपासणी करते, मुख्य सेविका नोंदवह्या पाहते, पोषण ट्रॅकर ॲप आकडे मागते. सेविका आणि मूल यांच्यातील नाते मात्र कोणाच्याच कार्यकक्षेत येत नाही.

‘सामर्थ्याधिष्ठित मनःस्वास्थ्य सल्ला’ ही पद्धत नेमकी याच नात्यावर काम करते. तीत मानसतज्ज्ञ मुलावर स्वतः उपचार करीत नाही, तर त्याला सांभाळणाऱ्या व्यक्तीबरोबर ठरावीक काळ नियमाने बसून मुलाच्या वागण्याचा अर्थ लावतो, आणि त्या व्यक्तीला आधीपासून जे साधते ते हेरून तेथूनच पुढच्या उपायाकडे जातो.

महाराष्ट्रात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या असताना इतके तज्ज्ञ आणायचे कोठून, हा आक्षेप स्वाभाविक असला तरी तो या पद्धतीच्या इतिहासाला धरून नाही. मनोविकारतज्ज्ञ जेराल्ड कॅप्लन यांच्यावर १९४८ नंतरच्या इस्राएलमध्ये निवासी संस्थांत विखुरलेल्या हजारो स्थलांतरित मुलांची जबाबदारी आली आणि हाताशी मोजकेच सहकारी होते. प्रत्येक मुलाला तपासणे अशक्य ठरल्यामुळे त्यांनी संस्थांमधील सांभाळ करणाऱ्यांशीच बोलण्यास आरंभ केला. पुढे १९७० च्या ग्रंथात त्यांनी या कामाची तात्त्विक मांडणी केली. तज्ज्ञांचा तुटवडा हे ही पद्धत नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही, कारण तुटवड्यातूनच ती जन्मली.

या पद्धतीचा परिणामही तपासला गेला आहे. अमेरिकेत संशोधक वॉल्टर गिलियम यांच्या २००५ च्या पाहणीत सरकारी बालवर्गांतून मुले काढून टाकण्याचे प्रमाण बारावीपर्यंतच्या शाळांच्या तिपटीहून अधिक आढळले, आणि सल्लागार नियमित येत असलेल्या वर्गांत ते कमी होते. कनेक्टिकट राज्यात २००२ पासून चालणाऱ्या अशा सल्लासेवेच्या चाचणीत शिक्षिकांच्या नोंदींनुसार मुलांचे अतिचंचल व आक्रमक वर्तन घटले. वर्गाच्या एकूण दर्जात मात्र लक्षणीय फरक पडला नाही, हेही सांगितले पाहिजे. या सेवेकडून चमत्काराची अपेक्षा धरणारा धोरणकर्ता वर्षभरात तिला गुंडाळून ठेवील.

महाराष्ट्रात सेविकेच्या सामर्थ्यापासून सुरुवात करणे ही उसनी कल्पनाही नव्हे. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात पानाफुलांपासून, बियांपासून, शंखशिंपल्यांपासून शैक्षणिक साधने घडवली, ती परिसराला जे ठाऊक आहे त्यालाच शिक्षणाचा पाया मानून. आजची सेविकाही बहुधा त्याच गावची असते. कोणत्या घरी वडील ऊसतोडीला गेले आहेत, कोणते मूल आजीपाशी राहते, कोणाच्या घरी रात्री दारूवरून भांडण होते, हे तिला कोणत्याही चाचणीवाचून माहीत असते, आणि चावणाऱ्या मुलाच्या वागण्याचा उलगडा पुष्कळदा याच माहितीत दडलेला असतो. आजच्या व्यवस्थेत या ज्ञानाला रकाना नाही (आणि तो नसलेलाच बरा, कारण रकाना आला की ते ज्ञान भरण्याची आणखी एक बाब होईल).

सामर्थ्याची ही भाषा मानधनाच्या प्रश्नावर पांघरूण म्हणून वापरली जाण्याचा धोकाही खरा आहे. डिसेंबर २०२३ मध्ये संपावर गेलेल्या सेविकांच्या मागण्या वेतनश्रेणी, निवृत्तिवेतन आणि उपदान यांच्या होत्या. सल्लासेवा ही त्या मागण्यांवरचे उत्तर होऊ शकत नाही, आणि तशी ती पुढे केली गेल्यास सेविकांनी ती नाकारणेच योग्य ठरेल.

म्हणून शासनाने प्रथम एक आदिवासी आणि एक नागरी बालविकास प्रकल्प निवडून प्रत्येक बीटला (एका मुख्य सेविकेकडील अंगणवाड्यांच्या गटाला) ठरावीक दिवशी येणारा सल्लागार द्यावा, त्याचे वेतन महिला व बालविकास विभागाच्या पर्यवेक्षण साखळीबाहेरून व्हावे, त्याच्याशी झालेले बोलणे सेविकेच्या मूल्यमापनात येऊ नये, आणि या भेटींसाठी नवी नोंदवही किंवा नवे ॲप काढले जाऊ नये.

– एक वाचक